गळ्यात एसआयएचा बिल्ला असला तरी खिशात स्प्रे चालत नाही

ब्रिटनमध्ये शिकायला गेलेली आपली काही मुलं सिक्युरिटीची ड्युटी करतात. रात्रपाळी म्हटलं की इथे आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो आणि भाजणीच्या डब्याशेजारी बॅगेत पेपर स्प्रेची बाटली जाते. भारतात ती ऑनलाइन सहज मिळते, मग तिथेही चालत असेल, असं सगळे धरून चालतात. हा समज फार महागात पडू शकतो.

तिथल्या 1968 च्या फायरआर्म्स ॲक्टच्या पाचव्या कलमानुसार अपायकारक द्रव किंवा वायू फवारण्यासाठी बनवलेलं शस्त्र प्रतिबंधित आहे. पहिल्या महायुद्धातल्या विषारी वायूंनंतर, 1920 च्या कायद्यातच ही बंदी आली होती. पेपर स्प्रे याच बंदीत येतो आणि गुन्हा व्हायला तो वापरायचीही गरज नाही. तो जवळ सापडला, अगदी खोलीतल्या कपाटात सापडला, तरी गुन्हा होतो आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत असू शकते. ‘कुत्र्यांसाठी ठेवलाय’ हे कारण चालत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हेही नाही. याच कलमाखालच्या एका खटल्यात दोघांजवळ विजेचा झटका देणारं यंत्र सापडलं. आम्हाला तो टॉर्च वाटला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या म्हणण्याने गुन्हा टळत नाही, असं अपील न्यायालयाने 2007 मध्ये स्पष्ट केलं.

‘पण माझ्याकडे एसआयएचं लायसन्स आहे!’ ते फक्त काम करण्याचं लायसन्स आहे. सिक्युरिटी इंडस्ट्री ॲथॉरिटीचा बिल्ला गळ्यात आला म्हणून पोलिसांचे अधिकार येत नाहीत. पोलिसांच्या कमरेला स्प्रे दिसतो, कारण त्यांना कायद्यानेच सूट आहे. गार्डला मात्र सामान्य नागरिकाइतकाच हक्क: स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवण्यापुरतं, परिस्थितीला साजेसं बळ वापरण्याचा. तो हक्क खरा आहे, पण त्यातून प्रतिबंधित शस्त्र रोज खिशात बाळगायची मुभा मिळत नाही.

मग डिओडरंट ठेवला तर? डिओडरंट बाळगण्यात काहीच गैर नाही. पण वेळ आली तर समोरच्याच्या डोळ्यांत मारायचा, या हेतूने तो सार्वजनिक जागी बाळगला, तर 1953 च्या कायद्याने तोही हल्ल्याचं शस्त्र ठरू शकतो. मिरचीपूडही त्यातच आली.

कर्णकर्कश वाजणारा पर्सनल अलार्म मात्र बिनधास्त ठेवा. गार्डसाठी वॉकीटॉकी, बॉडी कॅमेरा, चाकूपासून वाचवणारं जाकीट हे सगळं कायदेशीर आहे. एकट्याला रात्रपाळी लावली असेल, तर मदतीला कोण आणि किती वेळात येणार, हे ड्युटी घेण्याआधीच विचारून घ्या. सुपरवायझरने स्वतःच स्प्रे हातात दिला, तरी घेऊ नका. बाटली तुमच्या खिशात सापडली, तर गुन्हा तुमच्यावरच दाखल होतो.