कार्व्हरी

कार्व्हरी हा प्रामुख्याने ब्रिटनमध्ये आढळणारा उपाहारगृहाचा आणि तेथील भोजनपद्धतीचा एक प्रकार आहे. यात ओव्हनमध्ये भाजलेले मांसाचे मोठे तुकडे ग्राहकासमोर कापून वाढले जातात. भाज्या, बटाटे आणि ग्रेव्ही मात्र ग्राहक स्वतःच्या हाताने घेतो. संपूर्ण जेवणाची किंमत ठरलेली असते. रविवारी दुपारी घरोघरी होणाऱ्या ‘संडे रोस्ट’ या पारंपरिक जेवणाचे हे सार्वजनिक रूप होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखळी पब आणि साखळी हॉटेलांना जोडलेली उपाहारगृहे यांच्यामार्फत ते देशभर पोहोचले.

पार्श्वभूमी

संडे रोस्टमध्ये गोमांस, कोकराचे मांस, डुकराचे मांस किंवा कोंबडी यांपैकी एक भाजलेला पदार्थ, त्यासोबत भाजलेले बटाटे, उकडलेल्या भाज्या, यॉर्कशायर पुडिंग आणि मांसाच्या रसापासून केलेली ग्रेव्ही असते. प्रत्येक मांसाचे तोंडीलावणे ठरलेले आहे : गोमांसासोबत हॉर्सरॅडिश या तिखट मुळाचा सॉस, कोकराच्या मांसासोबत पुदिन्याचा आणि डुकराच्या मांसासोबत सफरचंदाचा सॉस दिला जातो.

यॉर्कशायर पुडिंग नावाने पुडिंग असले तरी गोड नसते. मैदा, अंडी आणि दूध यांचे पातळ मिश्रण गरम चरबीत ओतून ते फुगवतात. हॅना ग्लास यांच्या १७४७ साली प्रसिद्ध झालेल्या पाकपुस्तकात त्याची कृती या नावाने आढळते. पूर्वी ते सळईवर फिरणाऱ्या मांसाखाली ठेवून त्यात ठिबकणारी चरबी झेलली जाई. मांस महाग असल्याने जेवणाच्या आरंभी ग्रेव्हीसोबत पुडिंग वाढून भूक थोडी भागवण्याची प्रथाही होती.

रविवार हा चर्चमध्ये जाण्याचा आणि सुटीचा दिवस असल्याने हे जेवण त्या दिवशी रूढ झाले. प्रार्थनेला जाण्यापूर्वी मांस ओव्हनमध्ये ठेवले जाई आणि परतेपर्यंत ते तयार होई. ज्यांच्या घरी ओव्हन नसे, ती गरीब कुटुंबे आपले जेवण भाजण्यासाठी बेकरीत नेत असत. चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३) या कथेत या प्रथेचा उल्लेख आहे. उरलेले मांस सोमवारी थंडच खाल्ले जाई किंवा त्याचे बारीक तुकडे करून त्यापासून दुसरा पदार्थ केला जाई. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस असल्याने त्या दिवशी चूल कमी पेटवावी लागणे गृहिणीच्या सोयीचे होते.

मांस कापण्याचा मान बहुधा कुटुंबप्रमुखाकडे असे. इझाबेला बीटन यांच्या गृहव्यवस्थापनावरील ग्रंथात (१८६१) मांस कापण्याविषयी सविस्तर सूचना आहेत. मांस भाजण्याचे आणि त्यापूर्वीचे व नंतरचे सर्व काम मात्र स्वयंपाकघरातील स्त्रियांकडे असे.

घराबाहेरील रोस्ट

ग्राहकासमोर मांस कापण्याची पद्धत लंडनमधील उच्चभ्रू भोजनगृहांत जुनी आहे. १८२८ साली स्थापन झालेले ‘सिम्प्सन्स इन द स्ट्रँड’ हे भोजनगृह चाकांच्या गाडीवरून मांस टेबलापर्यंत आणून कापून वाढण्यासाठी प्रसिद्ध झाले. सामान्य कुटुंबांना मात्र बाहेर जेवणे दीर्घकाळ परवडत नव्हते. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेले अन्नाचे रेशनिंग युद्धानंतरही चालू राहिले. मांसावरील नियंत्रण ४ जुलै १९५४ रोजी उठले.

त्यानंतर लगेचच, १९५५ साली, फ्रँक आणि आल्डो बर्नी या बंधूंनी ब्रिस्टल शहरात ‘बर्नी इन’ या साखळीची सुरुवात केली. मोजकेच पदार्थ, ठरलेली किंमत आणि सर्वत्र सारखे ताट हे तिचे सूत्र होते. परक्या पदार्थांची नावे किंवा बिलाची रक्कम यांचे दडपण न घेता कुटुंबाला बाहेर जेवता येऊ लागले. व्हिटब्रेड या मद्यनिर्मिती कंपनीने १९७४ साली ‘बीफईटर’ ही उपाहारगृहांची साखळी काढली. तिच्याच ‘ट्रॅव्हल इन’ या हॉटेल साखळीचा आरंभ १९८७ साली झाला. पुढे ती ‘प्रीमियर इन’ या नावाने ओळखली जाऊ लागली. यातील अनेक हॉटेलांशेजारी त्याच कंपनीचे उपाहारगृह असे. प्रवाशांना तेथे न्याहारी व रात्रीचे जेवण मिळे, तर रविवारी दुपारी आसपासची कुटुंबे येत. ‘टोबी कार्व्हरी’ ही केवळ या प्रकारासाठी ओळखली जाणारी साखळी असून ती मिचेल्स अँड बटलर्स या कंपनीची आहे.

कायद्यातील बदलही या वाढीला पूरक ठरले. इंग्लंड आणि वेल्समध्ये रविवारी दुपारी पबना काही तास मद्यविक्री बंद ठेवावी लागे. हे बंधन १९९५ साली उठले आणि दुपारचे जेवण संध्याकाळपर्यंत चालू ठेवणे शक्य झाले.

वाढण्याची पद्धत

सामान्यतः ग्राहक रांगेतून मांस कापण्याच्या टेबलापाशी जातो. तेथील कर्मचारी, म्हणजे कार्व्हर, उष्णता देणाऱ्या दिव्यांखाली ठेवलेल्या दोन ते चार प्रकारच्या मांसांपैकी हवे ते कापून देतो. पुढे भाज्या आणि ग्रेव्ही ग्राहक आपल्या इच्छेने घेतो.

भाजल्यानंतर मांस काही काळ तसेच ठेवले जाते, त्यामुळे कापताना त्यातील रस कमी वाहून जातो. तंतूंना आडवे कापल्यास तंतू आखूड होतात आणि मांस चावायला मऊ लागते. इंग्लंडमधील अन्नसुरक्षा नियमांनुसार गरम ठेवून वाढायचे अन्न ६३ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक तापमानाला ठेवावे लागते. त्याखाली ते एकदाच आणि जास्तीत जास्त दोन तास ठेवता येते.

अर्थकारण

मांस हा या जेवणातील सर्वांत महाग घटक आहे. म्हणूनच बटाटे आणि भाज्या ग्राहकाच्या हाती सोपवल्या जातात, पण मांस कर्मचारीच कापतो. एका तुकड्यातून किती ताटे भरतात, यावर नफा अवलंबून असतो. प्रत्येक मागणीनुसार वेगळे शिजवावे लागत नसल्याने स्वयंपाकी व वाढपी कमी लागतात आणि किंमत कमी ठेवता येते. दुसरीकडे, एकट्या किंवा दोघांच्या घरात मोठा तुकडा भाजणे खर्चिक आणि कष्टाचे असते. त्यामुळे एकटे राहणारे वृद्ध हाही कार्व्हरीचा महत्त्वाचा ग्राहकवर्ग आहे.

टीका आणि महत्त्व

दिव्यांखाली मांस कोरडे पडते, भाज्या गळून जातात आणि ग्रेव्ही मांसाच्या रसाऐवजी तयार मिश्रणापासून केलेली असते, अशी टीका कार्व्हरीवर होते. तयार मिश्रणाचा वापर मात्र घरांतही जुना आहे. ‘बिस्टो’ ही ग्रेव्हीची पूड १९०८ पासून बाजारात आहे. सर्व शाखांत सारखीच चव असणे हा काहींच्या मते दोष, तर नियमित येणाऱ्यांच्या दृष्टीने गुण आहे.

कार्व्हरीने या जेवणाचे बाह्य रूप कायम ठेवले : एकाच मोठ्या तुकड्यातून सर्वांना वाटा, डोळ्यांदेखत कापणे आणि रविवारची दुपार. बदलले ते त्यामागचे श्रम. सकाळभर ओव्हनपाशी थांबणारी व्यक्तीही इतरांसोबत टेबलाशी बसू लागली. तिचे काम पगारी कर्मचाऱ्यांकडे गेले आणि त्यांचा रविवार कामाचा दिवस ठरला.

सद्यस्थिती

साखळी हॉटेलांना जोडलेल्या उपाहारगृहांची संख्या घटत आहे. व्हिटब्रेडने २०२४ साली आपली २००हून अधिक उपाहारगृहे विकण्याची किंवा त्यांच्या जागी हॉटेलच्या खोल्या बांधण्याची योजना जाहीर केली. त्याच जागेत खोल्यांपासून अधिक उत्पन्न मिळते, हे त्यामागील कारण होते. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्यांसाठी न्याहारी आणि जेवणाची सोय पुढेही राहते. मात्र मुक्कामास न राहता केवळ रविवारी जेवायला येणाऱ्या स्थानिक कुटुंबांना अशा ठिकाणी दुसरी जागा शोधावी लागते.