'असल्या माणसाची केस घेतेसच कशी?' : आरोपीच्या वकिलाचं करिअर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत.

लॉ करणाऱ्या मुलामुलींनी घरी सांगावं, 'मी क्रिमिनल साइडला जाणार', की घर गप्प होतं. कंपनीत लीगलला लागलीस तर छान, जज झालीस तर पेढे. पण चोर-खुन्यांची वकिली? आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो, जो वर शीर्षकात दिलाय.

याचं उत्तर पुस्तकातून देण्यापेक्षा मुंबईतल्याच एका खटल्यातून देतो. २६/११ चा खटला. सरकारी वकील कोण होते, ते तुम्ही झोपेतही सांगाल. बचावाचे वकील कोण होते? आठवत नाही ना? तिथेच गंमत आहे.

कसाबची केस घ्यायला कोणी तयार नव्हतं. वकिलांच्या एका संघटनेने तर तसा ठरावच केला होता. मार्च २००९ मध्ये कोर्टाने ॲड. अंजली वाघमारे यांना नेमलं, तर लोक त्यांच्या घरासमोर जमले. पुढे वेगळ्याच कारणाने त्यांची नेमणूक रद्द झाली: त्याच हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचं वकीलपत्रही त्यांच्याकडे होतं. मग अब्बास काझमी आले, नंतर के. पी. पवार. कसाबविरुद्ध पुरावा भरभक्कम होता. त्याला मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली, नोव्हेंबर २०१२ मध्ये ती अमलात आली.

पण पिंजऱ्यात तो एकटा नव्हता, आणि ही गोष्ट आपण विसरतो. फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीयही त्याच खटल्यात आरोपी होते. आरोप असा, की हल्ल्यासाठी मुंबईचे नकाशे यांनी पुरवले. त्यातला एक नकाशा म्हणे मेलेल्या अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडला. फहीमचे वकील होते शाहिद आझमी. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: पँट रक्ताने माखलेली, मग खिशातला कागद इतका स्वच्छ कसा?

बस्स, एवढंच. ना कोणाला शिवीगाळ, ना टेबलावर हात आपटून भाषण. कोर्टाला तो पुरावा विश्वासार्ह वाटला नाही. ३ मे २०१० ला दोघेही निर्दोष सुटले, आणि ते सुटणं हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टातही टिकलं.

तो निकाल ऐकायला आझमी नव्हते. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. जेमतेम तिशी ओलांडलेला माणूस. तरुणपणी स्वतः टाडाखाली पकडला गेलेला, तिहारमध्ये राहून शिकलेला. 'शाहिद' सिनेमा त्यांच्यावरच आहे.

आता विचार करा, सगळ्यांनीच 'असल्यांची केस घेणार नाही' म्हटलं असतं, तर त्या कागदाकडे नीट बघितलं कोणी असतं? त्याच वर्षाच्या शेवटी सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की अमुक आरोपीची वकिली करायची नाही असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदा आहेत. बार कौन्सिलचा नियमही तेच म्हणतो: आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल तुमचं मत काहीही असो, बचाव करायचा. हां, याचा अर्थ खोटे साक्षीदार उभे करणं नव्हे. अशिलाने 'केलंय मी' असं कबूल केलं तर वकील खोटी कहाणी रचू शकत नाही. पण सरकारचा पुरावा पुरेसा आहे का, हे तपासू शकतो. या दोन्हींच्या मधल्या जागेत सगळं करिअर जातं.

रोजचं काम मात्र सिनेमासारखं नाही. सकाळी रिमांड, दुपारी जामीन, मधे तुरुंगात मुलाखत, आणि बाकी वेळ 'पुढची तारीख'. भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे निकाल न लागलेले. त्यामुळे या धंद्यातलं पहिलं हत्यार म्हणजे कॅलेंडर. आरोपीला कोठडी मिळाल्यापासून पोलिसांकडे चार्जशीटसाठी ६० दिवस असतात. फाशी, जन्मठेप किंवा किमान १० वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल तर ९०. तेवढ्यात चार्जशीट आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. पण तो आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो. तुम्ही ९१व्या दिवशी 'उद्या बघू' म्हणालात आणि संध्याकाळी चार्जशीट दाखल झालं, तर हक्क गेला. एका दुपारच्या आळसाने माणूस आणखी वर्ष-दोन वर्षं आत राहू शकतो.

दुसरं हत्यार उलटतपासणी. पंचनाम्यावर सही करणारा पंच खरंच जागेवर होता, की पोलीस ठाण्यात कोऱ्या कागदावर सही करून गेला? हे ओरडून कळत नाही, सगळे कागद तीनदा वाचून कळतं.

शिक्षणाचं पटकन सांगतो. बारावीनंतर ५ वर्षं किंवा पदवीनंतर ३, राज्याची सीईटी, मग महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची परीक्षा. जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय, पण जुने गुन्हे जुन्याच कलमांखाली चालतात, त्यामुळे दोन्ही पाठ हवं. तुमची पिढी इथे वाईट अडकलीय, खरं सांगतो.

पैसा? सुरुवातीला सीनियरकडे प्रवासखर्च निघाला तरी नशीब. ज्यांच्या घरून आधार नाही त्यांची इथेच गळती होते, आणि गरीब आरोपीची भाषा कळणारे वकील नेमके तेच असतात. त्यांच्यासाठी एक वाट आहे: २०२२ पासून विधी सेवा प्राधिकरणांनी बऱ्याच जिल्ह्यांत पूर्ण वेळ, ठरलेल्या मानधनावर बचाव वकील नेमायला सुरुवात केलीय. सहायक पदासाठी नवे सनदधारकही चालतात. अट एकच, खासगी केसेस घ्यायच्या नाहीत. जाहिरात जिल्हा कोर्टाच्या वेबसाइटवर येते. आणि तोवर एक करा, जवळच्या सत्र न्यायालयात दिवसभर मागच्या बाकावर जाऊन बसा. बहुतेक खटले सगळ्यांसाठी खुले असतात, तिकीट नाही. फक्त फोन सायलेंटवर ठेवा.