जपानी घ्यावी की कोरियन? सुट्या भागांचे पाच गैरसमज

एमएच-२८ क्रमांकाची जुनी गाडी घ्यायची म्हटले की बुलढाण्यात सल्ल्यांना तोटा नसतो. ‘जपानी घे, पार्ट कुठेही मिळतो, कोरियन घेशील तर गाडी गॅरेजात उभी राहील,’ हा त्यातला लाडका सल्ला. पण पार्ट किती लवकर मिळेल हे तीन गोष्टी ठरवतात. ते मॉडेल रस्त्यावर किती दिसते, कुठे बनते आणि कंपनी भारतात टिकून आहे की गाशा गुंडाळून गेली आहे.

गैरसमज १ : कोरियन गाडीचे पार्ट कोरियातून येतात.

वस्तुस्थिती : ह्युंदाईची भारतीय कंपनी १९९६ची आणि सँट्रो १९९८ची. ती चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर परिसरात बनली आणि तिच्यामागोमाग पार्ट बनवणारे कारखानेही तिथे उभे राहिले. कियाची सेल्टोस २०१९पासून आंध्र प्रदेशातल्या पेनुकोंड्यात बनते. क्रेटा आणि सेल्टोस यांची इंजिने एकाच घराण्यातली, आणि दोन्ही कंपन्यांचे अस्सल पार्ट पुरवते ती मोबिस ही त्याच समूहातली कंपनी. त्यामुळे एकीची मागणी दुसरीच्याही कामी येते.

गैरसमज २ : जपानी म्हणजे पार्ट हमखास.

वस्तुस्थिती : हा लौकिक मुळात मारुतीचा. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली, म्हणजे सँट्रोच्या जवळपास पंधरा वर्षे आधी. तेवढ्या काळात तालुक्याच्या मिस्त्रीचा हात तिच्यावर बसला आणि दुकानदाराच्या फळीवर तिचा माल आला.

मित्सुबिशी लान्सरही जपानीच. १९९८मध्ये हिंदुस्थान मोटर्सने ती भारतात आणली. आज तिच्या हेडलाइटसाठी मोठ्या शहरातले जुन्या मालाचे बाजार धुंडाळावे लागतात. निसानने २०१४मध्ये डॅटसन गो आणली आणि २०२२मध्ये हा ब्रँडच भारतात बंद केला. पार्ट व सर्व्हिस चालू राहील, असे आश्वासन कंपनीने दिले. पण विक्री थांबलेल्या गाडीचा माल आपल्या पैशाने भरून ठेवायला छोटा दुकानदार कचरतोच.

गैरसमज ३ : बिल्ला ज्या देशाचा, पार्टही त्याच देशाचे.

वस्तुस्थिती : टॅक्सीवाल्यांची आवडती डिझेल स्विफ्ट आणि डिझायर यांचे १.३ लिटरचे इंजिन मुळात इटलीच्या फियाटचे, परवान्यावर भारतात बनवलेले. हेच इंजिन पुण्याजवळच्या रांजणगावात फियाट-टाटांच्या कारखान्यातही बनले आणि इंडिका व्हिस्टासारख्या गाड्यांत बसले. एकच इंजिन इतक्या गाड्यांत असल्याने त्याचे पार्ट आजही सापडतात.

उलट शेवरले बीट. बिल्ला अमेरिकन, पण आखणी कोरियातल्या कंपनीची. जनरल मोटर्सने २०१७अखेर भारतातली विक्री थांबवली आणि बीटवाल्यांना पार्टची चिंता लागली. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेण्याचा करार २०२३मध्ये केला तो कोरियाच्याच ह्युंदाईने.

टोयोटा ग्लान्झा तर मारुतीची बलेनोच. बनवते मारुती, विकते टोयोटा.

गैरसमज ४ : शोरूमबाहेरचा पार्ट म्हणजे डुप्लिकेट.

वस्तुस्थिती : कार कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. फिल्टर, बेअरिंग, क्लच, इंजेक्टर हे वेगळे उत्पादक बनवतात. बॉशचा डिझेल इंजेक्टरचा कारखाना तर नाशिकमध्येच आहे. असे उत्पादक आपल्या नावाच्या खोक्यातूनही माल विकतात, आणि तो नकली नसतो. नकली तो, ज्याच्या खोक्यावर नाव एकाचे आणि आत माल भलत्याचाच.

बाहेर पार्ट न मिळण्यामागे कंपन्यांचाही हात असतो. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे, हा ठपका होता. यादीत मारुती सुझुकी, होंडा, टोयोटा, निसान होत्या, तशा टाटा आणि महिंद्राही. ह्युंदाईला २०१५मध्ये वेगळ्या आदेशाने ४२० कोटींचा दंड झाला. प्रकरणे पुढे अपिलात गेली. पण या बाबतीत जपानी, कोरियन आणि देशी एकाच रांगेत उभे राहिले.

गैरसमज ५ : एक पार्ट मिळाला नाही, म्हणजे गाडीच वाईट.

वस्तुस्थिती : राजूर घाटात झिजणारे ब्रेक पॅड आणि समृद्धी महामार्गावर फुटलेला बंपर यांची गाठ घालता येत नाही. पॅड, फिल्टर, बुश रोज खपतात, म्हणून दुकानात असतात. बंपर, दरवाजा, एअरबॅग, सेन्सर बहुधा ऑर्डरीवर येतात, मग गाडी कोणत्याही देशाची असो. त्यात जिल्ह्याचा भूगोल आला. घाटाखालच्या खामगाव-शेगावला अकोल्याचा बाजार जवळ, तर घाटावरच्या देऊळगाव राजाला जालना.

चुकीच्या ऑर्डरीने मात्र हकनाक दिवस जातात. नुसते ‘सँट्रोचा पार्ट’ म्हणून भागत नाही. १९९८ची सँट्रो आणि २०१८ची सँट्रो या वेगळ्याच गाड्या. आरसीवरचा १७ अंक-अक्षरांचा चेसिस नंबर दुकानदाराला दिला की नेमका पार्ट नंबर काढता येतो. जुनी गाडी घेण्याआधी तोच नंबर देऊन हेडलाइट, क्लच सेट आणि पुढचा बंपर यांचा भाव आणि मिळण्याचे दिवस विचारून घ्यावेत. सौदा करायचा की नाही, ते त्या उत्तरावर ठरवता येते.