पालावरची लेकरं मोजताना

स्वयंपाक चालू असेल तर चालू राहू द्या, डाळ निवडायला घेतली असेल तर निवडत ऐका. आज बोलायचंय ते गावाच्या कडेला राहणाऱ्या लेकरांबद्दल.

आपल्या भागात गावाबाहेरच्या पडीक जागेत पालं पडतात. कुणी घिसाडी, कुणी वडार, कुणी मसणजोगी, कुणी पारधी. तांडे तर कायमचेच आहेत. पण दसरा-दिवाळी झाली की तांड्यातली कितीतरी घरं कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात, आणि लेकरंही त्यांच्याबरोबर जातात. ही लेकरं आपल्याला रोज दिसतात. अंगणवाडीत मात्र ती फारशी दिसत नाहीत. असं का?

मागं एकदा आम्ही दोघी-तिघी वही घेऊन पालावर गेलो होतो. तीन ते सहा वर्षांची लेकरं किती आणि अंगणवाडीत जातात किती, एवढंच विचारायचं होतं. एका बाईनं आपलं लेकरू मागं ओढलं आणि म्हणाली, "नाव कशाला लिहून घ्यायल्या, बाई? पोलिसाला देता का काय?"

आम्ही ओशाळलो. थोडा रागही आला, की आपण चांगल्या कामाला आलो आणि ही असं बोलती! पण नंतर कळलं, त्या बाईचं भ्यायला कारण होतं.

इंग्रज सरकारनं १८७१ साली एक कायदा केला. काही जमातीच्या जमाती त्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नावं वहीत लिहायची, रोज हजेरी घ्यायची, दुसऱ्या गावाला जायचं तर परवाना मागायचा. त्या वहीत नाव आलं की माणूस चोर ठरला, त्यानं काही केलेलं असो की नसो. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्या जमाती मुक्त झाल्या म्हणून त्यांना 'विमुक्त' म्हणतात. कायदा गेला, पण वहीची भीती घराघरांत राहिली. आणि आपल्या मनातला संशयही राहिला. गावात काही हरवलं की आपण पहिल्यांदा कुठं बघतो, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

म्हणजे नावं लिहून घेणं, मोजणं हे काम साधं नाही. त्यानं माणसाला बांधताही येतं आणि त्याच्यासाठी दार उघडताही येतं. दार कसं उघडतं, त्याच्या दोन खऱ्या गोष्टी सांगते. एक फार लांबची आहे, एक आपल्याच महाराष्ट्रातली.

लांबची गोष्ट युरोपातली. तिथं रोमा नावाचे लोक राहतात. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्या देशाच्या उत्तर-पश्चिम भागातून तिकडं गेले. हे कळलं ते मुख्यतः त्यांच्या भाषेवरून. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, केसाला 'बल', कानाला 'कन', माणसाला 'मनुश'. इतक्या लांब जाऊनही भाषा आपल्याच गोतातली राहिली. आणि वागणूकही आपल्याकडच्या भटक्यांसारखीच वाट्याला आली. तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकिया देशानं १९२७ साली 'भटक्या जिप्सीं'साठी वेगळा कायदा केला, त्यांना वेगळी ओळखपत्रं दिली, बोटांचे ठसे घेतले. पुढं हिटलरच्या राज्यात लाखो रोमांना मारून टाकलं. तिथल्या आयांनाही वही-पेन बघून धडकी भरत असेल, तर नवल काय?

त्याच देशाच्या आजच्या चेक भागात ओस्त्रावा नावाचं शहर आहे. तिथं रोमा लेकरू शाळेत गेलं की त्याची चाचणी व्हायची. त्यात ते मागं पडलं की 'याला साधी शाळा झेपत नाही' म्हणून मंद मुलांच्या वेगळ्या शाळेत बसवायचे. आईबापांची सहीसुद्धा घ्यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: आम्ही जात बघत नाही, चाचणी बघतो.

मग रोमांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी १९९९ मध्ये एक साधी गोष्ट केली. शहरातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना विचारून मुलं मोजली. वेगळ्या शाळांत १३६० मुलं निघाली. त्यातली ७६२ रोमा होती, म्हणजे निम्म्याहून जास्त. मग उलट बाजूनं मोजलं. शंभर रोमा मुलांमागे पन्नास मुलं वेगळ्या शाळेत होती, आणि बाकीच्या समाजाच्या शंभर मुलांमागे दोनसुद्धा नव्हती. आता सांगा, एका समाजाची निम्मी लेकरं मंदबुद्धी जन्माला येतात का? दोष लेकरांत असता तर आकडे असे आले नसते. दोष चाचणीत होता. ती दुसऱ्याच समाजाच्या मुलांना समोर ठेवून केलेली होती.

अठरा मुलांनी हे प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात नेलं. २००६ साली ते हरले. पुन्हा वरच्या पीठाकडे गेले आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी जिंकले. न्यायालय म्हणालं, हा भेदभावच आहे. आईबापांची सही होती हेही कारण चालणार नाही, कारण आपण कशावर सही करतोय हे त्यांना नीट सांगितलेलंच नव्हतं. निकाल लागला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं बदललं असं नाही. बदल फार सावकाश झाला. पण २०१७ पासून त्या देशात पहिलीच्या आधीचं एक वर्ष सगळ्याच मुलांना सक्तीचं केलं. पहिलीच्या दारातच लेकरू मागं पडू नये, यासाठी आधीचं वर्ष किती मोलाचं, हे त्यांनाही पटलं.

आता महाराष्ट्रातली गोष्ट. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढं १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबादच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या भागात गेलं. ताराबाई काही साध्या बाई नव्हत्या. बालशिक्षणाचा त्यांचा अभ्यास मोठा, अनुभव मोठा. पण त्यांना दिसलं की शाळा चांगली असून उपयोग नाही, गरिबाचं लेकरू तिथवर येतच नाही.

'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही,' असं म्हणून त्या थांबल्या नाहीत. लेकरू का येत नाही, हे त्यांनी जाऊन बघितलं. आई कामावर गेलेली. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली. थोडा मोठा पोरगा गुरांमागं. मग शाळाच तिकडं गेली. वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरायला लागली, ती अंगणवाडी. गुरं चरतात त्या कुरणावर शाळा भरायला लागली, ती कुरणशाळा. महागडी खेळणी नव्हती, तर खडे, पानं, बिया, शिंपले यांवर मोजणी आणि रंग शिकवले. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो तो शब्द तिथून आला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती पुष्कळ नंतर, २ ऑक्टोबर १९७५ रोजी.

बायांनो, संशोधन म्हणतात ते हेच. आधी बघायचं, मोजायचं. मग 'का' म्हणून विचारायचं. त्याप्रमाणे बदल करायचा. आणि बदलानं फरक पडला का, हे पुन्हा मोजायचं. ताराबाईंचा अभ्यास मोठा होता, पण ही चार पावलं आपल्या गटालाही टाकता येतील. कशी, ते सांगते.

पहिली गोष्ट, वही उघडण्याआधी बसा. कोण आहोत, कशासाठी आलो, हे सांगा. पालावरचीच एखादी जाणती बाई सोबत घ्या. नाव लिहायची गरज नाही. पहिलं पाल, दुसरं पाल असा आकडा टाका. नको म्हणाली तर तिथंच थांबा. आणि जे निघेल ते आधी पालावर जाऊन सांगा, मग ग्रामसभेत.

दुसरी गोष्ट, विचारायचं थोडंच. लेकराचं वय काय? घरात कोणती भाषा बोलतात? अंगणवाडीत किंवा शाळेत जातं का? जात नसेल तर का? वर्षातले कोणते महिने बाहेर असता? 'का'चं उत्तर आईच्या शब्दांत लिहा, आपल्या नाही.

तिसरी गोष्ट, दोन्हीकडची लेकरं मोजा. समजा, गावात तीन ते सहा वर्षांची ४० लेकरं आहेत आणि ३६ अंगणवाडीत जातात. म्हणजे दहातली नऊ. पालावर १२ आहेत आणि ३ जातात. म्हणजे चारातलं एक. नुसतं 'पालावरची लेकरं येत नाहीत' म्हटलं तर कुणी ऐकत नाही. 'गावातली दहातली नऊ, पालावरचं चारातलं एक' असं म्हटलं की सरपंचांनाही उत्तर द्यावं लागतं.

चौथी गोष्ट, कारण बघून उपाय. कारणं वेगळी असतात, म्हणून एकच औषध चालत नाही.

मोठा रस्ता ओलांडावा लागतो म्हणून येत नसतील, तर आणण्या-पोचवण्याची पाळी लावा. आई उजाडायच्या आत कामाला जात असेल, तर अंगणवाडीच्या वेळेचं बोला. पालाच्या अंगणातच आठवड्यातून काही वेळ गाणी-गोष्टी घेता येतील का, हे सेविकाताईंना आणि पर्यवेक्षिकाबाईंना विचारा. ताईंवर आधीच कामाचा भार आहे, म्हणून नुसती मागणी करू नका. गटातल्या दोघी मदतीला उभ्या राहा.

भाषेचं कारण असेल तर ते पटकन दिसत नाही. तांड्यावरचं लेकरू आईला 'याडी' म्हणतं, भाकरीला 'बाटी' म्हणतं. चित्र दाखवून 'हे काय?' विचारलं आणि ते 'बाटी' म्हणालं, तर ते चुकलं का? नाही, त्यानं बरोबरच सांगितलं, आपल्याला कळलं नाही. पण दोन-चारदा 'चूक' ऐकलं की लेकरू तोंड मिटतं, आणि आपण म्हणतो ढ आहे. ओस्त्रावातही असंच झालं ना? म्हणून त्यांच्या आयांकडून वीस-पंचवीस शब्द आणि दोन गाणी शिकून घ्या. आधी त्यांचा शब्द म्हणायचा, मग मराठी. लेकरू दोन्ही शिकतं, त्याचं काही अडत नाही. बालकांच्या सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदाही सांगतो की शक्य तिथं मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं.

कागदाचं कारण असेल तर हे ध्यानात ठेवा. याच कायद्यानं, वयाचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी सेविकाताईंना आणि शाळेत सांगून जावं, तशी नोंद करून घ्यावी. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड मागावं, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. आजी-आजोबा गावातच राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची सोय आपल्याकडं आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारावं. हे सगळं टोळी निघायच्या आधी झालं पाहिजे. दसऱ्यानंतर धावपळ करून उपयोग नाही.

राहिलं शेवटचं कारण, आणि सगळ्यांत अवघड. कधी कधी लेकरू येतं, पण त्याला कोपऱ्यात बसवतात. कुणाची आई म्हणते, "त्याच्याशेजारी आमचं नको." हे कारण पालावर नाही, आपल्या घरात आहे. याला योजना नाही, कार्ड नाही. आपणच आपल्या लेकराला त्याच्याशेजारी बसवायचं, एवढाच उपाय.

आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव आहे. ते बंजारा समाजातले, तांड्यावर वाढलेले. १९६३ ते १९७५ अशी अकराहून जास्त वर्षं ते राज्याचे मुख्यमंत्री होते. तांड्यावरच्या लेकराला दार उघडं मिळालं की ते कुठवर जातं, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

त्या बाईकडं आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला वही पिशवीत होती. आधी चहा झाला, लेकरांशी खेळणं झालं. निघताना तीच म्हणाली, "आता लिहा. माझी दोन आहेत." आम्ही लिहिलं, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलं.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा हलला नसेल तर आपला उपाय चुकला, लेकरू नाही. मग दुसरा उपाय शोधायचा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं बोलून बघा:

आपल्या गावाच्या कडेला आज किती पालं आहेत? तिथं तीन ते सहा वर्षांची लेकरं किती, हे गटातल्या कुणाला ठाऊक आहे का?

त्यांच्या घरात कोणती भाषा बोलतात? त्या भाषेतले पाच शब्द आपल्यातल्या कुणाला येतात का?

यंदा टोळ्या निघायच्या आधी गटातल्या कोणत्या दोघी पालावर जाणार, आणि कोणत्या दिवशी?

तिसऱ्या प्रश्नाला दोन नावं आणि एक तारीख मिळाल्याशिवाय बैठक उठू नका.