बुबुळातली बुरशी बघताना

भातझोडणीच्या दिवसांत आमच्या बेलवली गावात कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, तर आधी पाण्याचा हबका मारतात आणि लाली उतरली नाही की औषधाच्या दुकानातून थेंब आणतात. त्या थेंबांत स्टिरॉइड असलं की घात होतो. लाली कमी दिसते, ठणका थांबल्यासारखा वाटतो आणि आत बुरशी पसरत राहते.

डोळ्यात असंच कुसळ गेलेल्या माझ्या काकांना घेऊन मी लोकलने मुंबईच्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयात गेले, तेव्हा त्यांच्या बुबुळावर पांढरट डाग स्पष्ट दिसत होता. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "काका, डोळ्यात काय गेलं होतं?" भाताचं कुसळ म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. वनस्पतीने झालेली जखम म्हणजे बुरशीचा संशय आधी.

स्लिट लॅम्पसमोर काकांनी हनुवटी टेकवली. प्रकाशाची उभी चीर बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावरून सरकली. जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या त्या पडद्यात डाग किती खोल गेलाय, ते कळू लागलं. फ्लुरेसीन रंगाची पट्टी लावून निळा प्रकाश टाकला, तशी उघडी जखम हिरवी चमकली. तिच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या होत्या. पण नुसत्या नजरेचा अंदाज मुरलेल्या डॉक्टरांचाही चुकतो.

म्हणून कॉन्फोकल मायक्रोस्कोप. डोळा बधिर करून जेल घातलं आणि भिंगावरची पातळ टोपी बुबुळाला टेकवली. "समोरच्या दिव्याकडेच बघा, काका." लेसर एका वेळी काही मायक्रॉन जाडीचा थर टिपतो, चित्र जेमतेम ४०० मायक्रॉन लांबरुंद. नजर किंचित हलली की सगळं पुसट. करड्या पडद्यावर पेशींची केंद्रकं उजळ ठिपक्यांसारखी दिसत होती. मग चमकदार रेघा आल्या. मला वाटलं, हीच बुरशी. "या नसा," डॉक्टर म्हणाल्या, "लांब, सलग." थोडं खाली गेल्यावर आखूड, फाटे फुटलेल्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसल्या. त्या बुरशीच्या होत्या. हा फरक यंत्र सांगत नाही, बघणाऱ्याला तो ओळखता यावा लागतो.

अकॅन्थअमीबा या एकपेशीय परजीवीची गोल, दुहेरी भिंतीची कवचंही या यंत्रात सापडतात. जिवाणू मात्र इतके लहान की दिसत नाहीत. त्यामुळे जखम हलक्या हाताने खरवडून काचपट्ट्याही केल्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की बुरशीचे धागे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. कॉन्फोकल गावोगाव येणार नाही. पण एवढी काचपट्टीची तपासणी भातपट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सुगीच्या आधी सुरू व्हायलाच हवी, असं मला तिथे बसून फार वाटलं.

कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून ओळखायला, आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. पण आमचं औषध त्याच संध्याकाळी सुरू झालं, ५ टक्के नॅटामायसिन. धाग्यांच्या बुरशीवर, विशेषतः फ्युजेरियमवर, ते व्होरिकोनॅझोल या दुसऱ्या औषधापेक्षा सरस ठरल्याचं दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्ररुग्णालयांतल्या चाचणीने २०१३मध्ये दाखवलं होतं. दर तासाला एक थेंब, रात्रीसुद्धा आणि प्रत्येक वेळी बाटली हलवून, कारण औषध तळाशी बसतं.