चार तासांची परीक्षा

गाडी चालवता येते का, हे विचारण्याआधी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या बाहा स्पर्धेत गाडीतून बाहेर पडता येतं का, हे तपासतात. चालक हेल्मेट, गॉगल, मानेभोवतीची गादी, हातमोजे आणि आगीत तग धरणारा सूट चढवून बसलेला असतो. खांद्यांवरून, कमरेवरून आणि मांड्यांमधून आलेले पट्टे करकचून आवळलेले. गाडी उलटली तर हात पिंजऱ्याबाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून मनगटांनाही पट्टे. परीक्षक घड्याळ लावतो. चालकाने इंजिन बंद करणारा किल स्विच दाबायचा, स्टीअरिंग उपसून बाजूला टाकायचं, पट्ट्यांचं कुलूप सोडायचं आणि पाय जमिनीवर टेकवायचे. मुदत पाच सेकंद. संघाने जितके चालक नोंदवले असतील, तितक्या सगळ्यांना हे करून दाखवावं लागतं. उंचापुऱ्या मुलाचा गुडघा इथे हमखास अडकतो, आणि मग ज्याने सहा महिन्यांपूर्वी संगणकावर चालकाची जागा आखली तो विद्यार्थी बाजूला उभा राहून आपलं गणित डोळ्यांनी पाहत असतो.

ही जागा पीथमपूर. इंदूरजवळचं, धार जिल्ह्यातलं औद्योगिक गाव. इथे नॅट्रॅक्स हे वाहनचाचणीचं सरकारी केंद्र आहे. त्याची 11.3 किलोमीटरची अतिवेगवान धावपट्टी 2021 मध्ये सुरू झाली आणि तिची छायाचित्रं सगळीकडे झळकली. बाहाच्या मुलांचं त्या गुळगुळीत डांबराशी काही देणंघेणं नाही. त्यांना हवी असते माळव्याची काळी माती, मुद्दाम रचलेले उंचवटे, दगड, ओंडके, खड्डे आणि पाणी मारून केलेला चिखल.

बाहा हे नाव मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पावरून आलं. 1967 मध्ये तिथल्या वाळवंटातून हजार मैलांच्या आसपासची शर्यत सुरू झाली, आणि खडबडीत वाटेवर चालणाऱ्या गाड्यांचं ते तीर्थक्षेत्र होऊन बसलं. 1976 मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात त्याच धर्तीवर विद्यार्थ्यांची छोटी स्पर्धा झाली. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने ती पुढे चालवली. भारतात एसएई इंडियाने ती 2007 मध्ये आणली, पीथमपूरलाच, आणि पुढे कित्येक वर्षं महिंद्राचं नाव मुख्य प्रायोजक म्हणून तिच्याशी जोडलेलं राहिलं. देशभरातून शेकडो महाविद्यालयं अर्ज करतात. पुण्याच्या महाविद्यालयांनी ही स्पर्धा एकापेक्षा जास्त वेळा जिंकली आहे.

नियम साधा आहे. विद्यार्थ्यांनी एकाच माणसाला बसता येईल अशी, कुठल्याही वाटेवर चालणारी गाडी स्वतः आखायची, बांधायची आणि पळवायची. अट एकच, पण तिच्यात सगळी गंमत आहे: इंजिन सगळ्यांना सारखंच. सुरुवातीच्या वर्षांत लोंबार्दिनीचं 340 सीसीचं असे, मग ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 305 सीसीचं, एका सिलिंडरचं, सुमारे 10 अश्वशक्तीचं आलं. शेतातल्या पंपावर किंवा जनरेटरवर बसतं त्याच जातीचं यंत्र. त्याला हात लावायचा नाही. वेगाला मर्यादा घालणारा गव्हर्नर मिनिटाला 3800 फेऱ्यांवर बांधलेला, आणि तो तसाच आहे ना, हे तपासून घ्यायचं. म्हणजे मोठं इंजिन घालून पुढे निघून जाण्याची वाट आधीच बंद केलेली आहे. उरतं ते वजन, दातेचक्रांचा हिशेब, सस्पेन्शनची चाल आणि वेल्डिंगचा दर्जा. दहा अश्वशक्तीत दोनशे किलोची गाडी ओढायची की दीडशेची, यावर निम्मी लढाई ठरते.

वजन कमी करायचं म्हटलं की पहिली नजर पिंजऱ्याकडे जाते. चालकाभोवतीचा हा नळ्यांचा सांगाडा म्हणजे गाडीचा कणा. नियम सांगतो की साधं 1018 पोलाद वापरलं तर मुख्य नळी 25.4 मिलिमीटर व्यासाची आणि 3 मिलिमीटर जाडीची हवी. दुसरं पोलाद घ्यायचं तर घ्या, पण ते वाकण्याला तितकंच पुरून उरतं हे गणिताने सिद्ध करा. म्हणून बरेच संघ महागडं 4130 क्रोमोली पोलाद आणतात. त्याची नळी थोडी रुंद आणि बरीच पातळ घेता येते, त्यामुळे सांगाडा हलका होतो. शिवाय चालकाचं हेल्मेट पिंजऱ्याच्या कडेपासून किमान 152 मिलिमीटर आत हवं. वेल्डरने जोडलेले नमुनेही तपासणीला द्यावे लागतात: एक तोडून पाहतात, दुसरा मधोमध कापून. नमुना तुटला तरी चालेल, पण तुटताना नळी तुटली पाहिजे, वेल्ड नाही.

बाकीची गाडी कशी उभी राहते, हे पाहायला पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या गल्ल्यांत जावं लागतं. सुट्या भागांवर जगणाऱ्या या पट्ट्यात लेझर कटिंग, वायर कट, दातेचक्रं कापणारे, पावडर कोटिंगवाले असे सगळे हाताशी असतात. कॉलेजचा टीशर्ट घातलेली दोन मुलं हातात ड्रॉइंग घेऊन उभी असतात आणि लेथवरचा टर्नर कागद पाहून विचारतो, “एवढा टॉलरन्स कशाला पाहिजे तुम्हाला?” या एका प्रश्नात चार सेमिस्टरचं शिक्षण आहे. मापात किती चूक चालेल याचा मुलांनी पुस्तकातून उचललेला आकडा कितीला पडतो, तो मशीनवर निघतो का, आणि बेअरिंग बसवताना तो खरंच लागतो का, हे टर्नरला ठाऊक असतं. एकदा या गल्लीत आलेला विद्यार्थी पुढच्या वेळी ड्रॉइंगवर प्रत्येक शून्य जपून लिहितो.

भारतातल्या सुरुवातीच्या बाहा गाड्या याच जुगाडावर उभ्या होत्या, आणि हा शब्द इथे पूर्ण आदराने वापरायला हवा. गिअरबॉक्स महिंद्रा अल्फा किंवा पियाजिओ आपे या तीनचाकीचा, स्टीअरिंगचं रॅक आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे मारुती 800 चे, ब्रेकचे कॅलिपर मोटरसायकलचे. जुन्या बाजारातून उचललेले भाग धुऊन, मोजून नव्या गाडीत बसवले जात. पुढे पैसा आला तसे परदेशी भाग आले. हवेवर चालणारे फॉक्सचे शॉकअॅब्जॉर्बर आले, आणि गिअर न बदलता दोन पुलींमधल्या पट्ट्यावर आपोआप गुणोत्तर बदलणारी सीव्हीटी आली. गाड्या चपळ झाल्या. पण ज्या गावातल्या कॉलेजला प्रायोजक मिळत नाही, त्याच्या आणि महानगरातल्या संघाच्या गाडीतलं अंतरही वाढलं. एका गाडीचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. मुलं वर्गणी काढतात, माजी विद्यार्थ्यांना गाठतात, कंपन्यांच्या पायऱ्या झिजवतात. स्पर्धेत खर्चाचा अहवाल आणि विक्रीचं सादरीकरण यांनाही गुण असतात. वर्षाला चार हजार गाड्या बनवायच्या झाल्या तर एक किती पडेल, असा हिशेब मूळ नियमांनी मांडायला लावला. महागडे भाग जमवणाऱ्याला तिथे उत्तर द्यावं लागतं, हे योग्यच आहे.

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पुण्याकडच्या गाड्या टेम्पोवर चढतात. मनमाड, मालेगाव, धुळं, शिरपूर करत आग्रा रस्त्याने बिजासनचा घाट चढला की मध्य प्रदेश. खलघाटाला नर्मदा ओलांडायची, मानपूरचा घाट चढायचा, की महू आणि पीथमपूर. गाडीसोबत एक-दोघं टेम्पोतच बसतात. गाडी बांधलेले पट्टे सैल झाले तर ती घासते.

पहिले दिवस तपासणीत जातात. प्रत्येक टप्प्याला एकेक खूण मिळते, आणि त्या सगळ्या गाडीवर आल्याशिवाय मैदानात पाय ठेवता येत नाही. ब्रेकची चाचणी त्यात सगळ्यांत निष्ठुर. गाडी पळवत आणायची, एकदम ब्रेक दाबायचा, आणि चारही चाकं एकाच वेळी जागच्या जागी थांबली पाहिजेत. एक चाक जरा फिरलं की परत जा. मग पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागेत, ब्रेकच्या नळीतली हवा काढणं सुरू होतं. एक जण पॅडल दाबतो, दुसरा निपल उघडतो, तिसरा ब्रेक तेलाची बाटली धरतो, आणि नळीतून बुडबुडे येणं थांबेपर्यंत कुणी वर मान करत नाही. त्यानंतर आकडे मांडण्याच्या चाचण्या: थोड्या अंतरात किती वेग घेते, वळणावळणांत कशी फिरते, चढ चढते का, खडकांवर सस्पेन्शन टिकतं का.

या सगळ्याच्या वर असते रविवारची सहनशक्तीची शर्यत. चार तास. अमेरिकेतल्या मूळ गुणपद्धतीत हजारातले 400 गुण तिचे एकटीचे आहेत. पन्नासाहून जास्त गाड्या एकाच वाटेवर सुटतात. कुणी किती फेऱ्या मारल्या हे गाडीवरचा ट्रान्सपाँडर मोजतो. सगळ्यांत जास्त फेऱ्या त्याची शर्यत. टाकी 3.78 लिटरची, म्हणजे मध्ये पेट्रोल भरायला थांबायलाच हवं. तिथेही इंजिन बंद, चालक गाडीबाहेर, अग्निशामक हातात धरून एक जण उभा, आणि मगच झाकण उघडायचं.

पहिला अर्धा तास सगळेच सुसाट असतात. मग माळव्याची बारीक धूळ आपलं काम सुरू करते. एअर फिल्टर गुदमरतो, सीव्हीटीचा पट्टा घसरून तापतो, आणि जळक्या रबराचा वास पिटपर्यंत येतो. उडीवरून खाली येताना पुढच्या चाकाला धरणारा ए-आर्म वाकतो, चाक वळवणारा टाय रॉड तुटतो, चाक आतल्या बाजूला पडतं. पिवळं निशाण हलतं, बाकीच्या गाड्या वेग कमी करतात, आणि ओढणारी गाडी येऊन जखमी गाडीला पिटमध्ये आणून टाकते.

खरी परीक्षा इथे होते. तुटलेला टाय रॉड बदलायला पाना हातात घेण्याआधी सुटा टाय रॉड कुठल्या पेटीत आहे हे माहीत असावं लागतं. ज्या संघाने बोल्ट तीनच मापांचे वापरले आहेत, त्याला तीनच पाने लागतात; ज्याने जिथे जे मिळालं ते बसवलं आहे, तो संघ पेटी उलटी करून सांडतो. वाकलेला आर्म काढताना बुशीत बोल्ट अडकतो, हातोडीचे ठोके पडतात, कुणाच्या बोटाची सालटी निघते, आणि बाहेर दर फेरीला प्रतिस्पर्ध्याचा आवाज जवळून जातो. डावीकडचा आणि उजवीकडचा आर्म एकाच मापाचा आखणाऱ्या मुलांना अशा वेळी एक सुटा भाग दोन्ही बाजूंना चालतो. हा निर्णय त्यांनी ऑगस्टमध्ये घेतलेला असतो, आणि त्याचे गुण फेब्रुवारीत मिळतात. परीक्षेच्या पेपरात इतक्या उशिरा आणि इतक्या खऱ्या रीतीने तपासला जाणारा प्रश्न क्वचितच असतो.

चालवणाऱ्यालाही चार तास सोपे नाहीत. बहुतेक संघ मधे चालक बदलतात. मनगटं सुन्न होतात, गॉगलवर चिखलाचा थर बसतो, दणक्यांनी बरगड्या दुखतात. या गाड्या मुलीही चालवतात आणि बांधतातही. दिल्लीच्या इंदिरा गांधी महिला तंत्रज्ञान विद्यापीठाने संपूर्ण मुलींचा संघ उतरवला होता. पिंजऱ्यातल्या पाच सेकंदांना आणि चार तासांना चालक कोण याने काही फरक पडत नाही.

2015 मध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा वेगळा गट आला. इंजिनाच्या जागी मोटर आणि बॅटरी, त्यामुळे पेट्रोलची टाकी गेली, पण वायरिंगचं इन्सुलेशन, बॅटरीची पेटी आणि तापमान यांची तपासणी आली. यांत्रिकी शाखेच्या मुलांना इलेक्ट्रिकलवाल्यांच्या दारात जावं लागलं. महाविद्यालयात या दोन शाखांच्या इमारती शेजारी असूनही मुलं एकमेकांना ओळखत नसत, हे पाहता विद्युत गटाचा हा फायदा मोटारीहून मोठा वाटतो.

सोमवारी गाडी परत टेम्पोवर चढते. शेवटच्या वर्षाची मुलं नोकरीच्या मुलाखतींना निघतात, आणि वर्कशॉपच्या किल्ल्या तिसऱ्या वर्षाकडे जातात. सोबत तुटलेल्या भागांची पेटी आणि कुठे काय तुटलं याची नोंदवही. जो संघ ही वही नीट लिहितो, त्याची पुढची गाडी हलकी होते. जो लिहीत नाही, त्याचा टाय रॉड पुन्हा त्याच जागी तुटतो. मग जुलैत पहिली छाननी येते. बरीच वर्षं ती पंजाबातल्या चितकारा विद्यापीठात होत असे. तिथे गाडी नसते, फक्त पडद्यावरचं डिझाइन असतं, आणि परीक्षक एकेका नळीवर बोट ठेवून ती इथेच का, असं विचारतात.