घड्याळाचा चेहरा

संगणक सुरू केल्यावर तुमचे लक्ष प्रथम कुठे जाते? पडद्यावरच्या चित्राकडे जाते, छोट्या छोट्या चिन्हांकडे जाते. उजव्या हाताला, अगदी खालच्या कोपऱ्यात काही आकडे असतात. ते मात्र फारच थोडे जण वाचतात. ते आकडे म्हणजे संगणकाचे घड्याळ. त्याला काटे नाहीत, टिकटिक नाही. आज आपण या मुक्या घड्याळाची ओळख करून घेऊ.

आधी एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी तिच्याबरोबर एका संगणकाच्या दुकानात गेले होते. अर्जाचा शेवटचा दिवस होता. संकेतस्थळ काही केल्या उघडेना. ‘हे संकेतस्थळ सुरक्षित नाही’ अशी सूचना पुन्हा पुन्हा येई. कोणी म्हणाले, इंटरनेट बंद आहे. कोणी म्हणाले, संकेतस्थळच बिघडले आहे. अर्धा तास गेला. मुलीचे डोळे भरून आले. शेवटी दुकानात काम करणाऱ्या एका मुलाने कोपऱ्यातील तारखेवर बोट ठेवले. संगणक कित्येक वर्षे मागची तारीख दाखवत होता! त्याने तारीख दुरुस्त केली आणि दोन मिनिटांत संकेतस्थळ उघडले. अर्ज वेळेत गेला. मी त्या पडद्याकडे अर्धा तास पाहत होते, पण कोपऱ्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

असे का झाले? प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते. ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे त्यावर नोंदलेले असते. संगणक ती तारीख आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच चुकीचे असेल, तर खरे प्रमाणपत्रही त्याला खोटे वाटते.

संगणक बंद असताना घड्याळ कसे चालते?

रात्री आपण संगणक बंद करतो. विजेचे बटणही बंद करतो. तरी सकाळी घड्याळ बरोबर वेळ दाखवते. याचे कारण संगणकाच्या आत नाण्यासारखा एक गोल सेल असतो. त्यावर बहुधा ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते. या आकड्यांनाही अर्थ आहे. सेलचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. या सेलवर गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, एक लहानसा स्फटिक चालतो. तो एका सेकंदात ३२,७६८ वेळा कंप पावतो. तेवढे कंप मोजले, की घड्याळ एक सेकंद पुढे सरकते.

हा सेल काही वर्षांनी संपतो. मग संगणक बंद केला, की घड्याळ वेळ विसरते आणि एखादी जुनीच तारीख दाखवू लागते. त्या दुकानात बहुधा हेच झाले असावे. म्हणून लक्षात ठेवा : तारीख दुरुस्त केल्यावरही दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मागे गेली, तर सेल बदलण्याची वेळ आली आहे.

चेहरा बदलू या

विंडोज या प्रणालीची पहिली आवृत्ती १९८५ साली आली. तिच्यातही घड्याळाचा एक छोटा कार्यक्रम होता. १९९५ च्या विंडोजपासून घड्याळ पडद्याच्या खालच्या पट्टीत, कोपऱ्यात येऊन बसले. उबुंटू या प्रणालीत ते वरच्या पट्टीत मध्यभागी असते.

भिंतीवरच्या घड्याळाचा चेहरा आपल्याला बदलता येत नाही. संगणकाच्या घड्याळाचा चेहरा मात्र बदलता येतो. विंडोजमध्ये घड्याळावर माउसचे उजवे बटण दाबा. ‘अ‍ॅडजस्ट डेट अँड टाइम’ हे शब्द दिसतील. त्यावर क्लिक केले, की तारीख आणि वेळेचे पान उघडते. वेळ कशा रूपात दिसावी, हे ठरवण्याची जागा ‘रीजन’ या विभागात आहे. तेथे वेळेसाठी इंग्रजी अक्षरांची एक खूण असते. लहान लिपीतील ‘एच’ म्हणजे १२ तासांचे घड्याळ. मोठ्या लिपीतील ‘एच’ म्हणजे २४ तासांचे घड्याळ. हे अक्षर दोनदा लिहिले, तर ‘९’ ऐवजी ‘०९’ दिसते. लहान ‘एम’ म्हणजे मिनिट आणि मोठा ‘एम’ म्हणजे महिना. येथे गडबड करू नका.

तुम्ही विचाराल, २४ तासांचे घड्याळ कशाला हवे? वसई रोड स्थानकावरून लांबच्या गाडीने जाणाऱ्यांना विचारा. रेल्वेच्या वेळापत्रकात २४ तासांची वेळ असते. समजा, तिकिटावर ‘१५ तारीख, वेळ ००:०५’ असे छापले आहे. ही गाडी १४ तारखेच्या रात्री बारा वाजून गेल्यावर पाच मिनिटांनी सुटते. जो १५ तारखेच्या रात्री सामान घेऊन स्थानकावर जाईल, त्याची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असेल! संगणकावर महिनाभर २४ तासांचे घड्याळ लावून पाहा. ही चूक तुमच्या हातून होणार नाही.

तारखेचेही तसेच आहे. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. अमेरिकेत आधी महिना लिहितात. ‘०५/०६’ ही तारीख आपल्याकडे ५ जून, तर अमेरिकेत ६ मे. संगणकावर अमेरिकेची पद्धत राहिली असेल, तर परीक्षेची तारीखसुद्धा चुकीची वाचली जाईल. याच विभागात भारतासाठी इंग्रजीप्रमाणे मराठी आणि उर्दू या भाषांचीही पद्धत निवडता येते. मग वारांची आणि महिन्यांची नावे त्या भाषेत दिसू लागतात. मराठीचे वार आणि महिने पाठ करण्याचा हा एक सोपा मार्ग आहे.

एक क्षण, अनेक घड्याळे

आमच्या होळी भागातील काही मुलांचे वडील आखाती देशांत नोकरी करतात. घरातून फोन करायचा, तर तेथे किती वाजले असतील, हा प्रश्न रोज पडतो. विंडोजमध्ये मुख्य घड्याळाबरोबर आणखी दोन घड्याळे लावता येतात. त्यांना आपल्या आवडीचे नावही देता येते. जेद्दाहसाठी घड्याळ लावायचे असेल, तर यादीत ‘कुवेत, रियाध’ ही ओळ निवडा आणि नावाच्या जागी ‘अब्बा’ असे लिहा. वसईत रात्रीचे ९ वाजले, की अब्बांच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले दिसतील. दुबईत त्या वेळी साडेसात वाजलेले असतात. क्षण एकच आहे. घड्याळे वेगळी आहेत.

असे का होते, हे भूगोलात तुम्ही शिकला आहात. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एक अंश फिरायला तिला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. ही रेषा उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. आपली वसई सुमारे ७२.८ अंशांवर आहे. फरक झाला ९.७ अंश. त्याला ४ ने गुणा. जवळजवळ ३९ मिनिटे! म्हणजे घड्याळात दुपारचे १२ वाजतात, तेव्हा वसईच्या आकाशात सूर्य अजून डोक्यावर आलेला नसतो. तो साधारणपणे १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास येतो. ऋतूप्रमाणे त्यात सुमारे पंधरा मिनिटे पुढे-मागे होतात.

तुम्हांला हे नवीन नाही. मशिदीत लावलेले नमाजच्या वेळांचे कॅलेंडर पाहा. जवालची वेळ बाराला नसते. जोहरची वेळ त्यानंतरच सुरू होते. रमजानमध्ये नागपूरच्या नातेवाइकांचा इफ्तार आपल्यापेक्षा साधारण २५ मिनिटे आधी होतो, कारण नागपूर आपल्या पूर्वेला आहे. नागपूरचे घड्याळ आणि वसईचे घड्याळ एकच वेळ दाखवते, पण सूर्य दोन्ही गावांत एकाच वेळी मावळत नाही. संगणकावर अजानच्या वेळा दाखवणारा कार्यक्रम घेतला, तर तो प्रथम तुमचे गाव विचारतो, ते याचसाठी. तेथे दुसऱ्याच शहराचे नाव राहिले, तर आकडे कितीही सुंदर दिसोत, वेळ चुकणारच.

या ३९ मिनिटांवरून एके काळी मोठा वाद झाला होता. १ जानेवारी १९०६ पासून भारतात एक प्रमाणवेळ सुरू झाली. पण मुंबईची स्वतःची ‘बाँबे टाइम’ होती. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. मुंबईच्या लोकांना आपली वेळ सोडावीशी वाटली नाही. म्हणून शहरात कितीतरी वर्षे दोन्ही वेळा चालल्या. आगगाडी एका वेळेने धावे आणि शहरातील काही घड्याळे दुसरी वेळ दाखवत. ही गोष्ट १९५५ पर्यंत चालली. ‘चार वाजता भेटू’ असे म्हटले, की ‘कोणत्या वेळेचे चार?’ असे विचारावे लागत असेल. प्रत्येकाची वेळ वेगळी असली, तर माणसांची गाठ पडणे कठीण होते.

खरी वेळ कोण सांगते?

आता सर्व भारताची वेळ एक आहे. ती सांभाळण्याचे काम नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. तेथे सीझियम या धातूच्या अणूंवर चालणारी घड्याळे आहेत. सीझियमच्या अणूशी जोडलेली ९,१९,२६,३१,७७० आंदोलने पूर्ण झाली, की एक सेकंद होतो. ही व्याख्या जगाने १९६७ साली स्वीकारली.

आपल्या संगणकातील स्फटिक इतका अचूक नसतो. दिवसाकाठी तो थोडा मागे-पुढे होतो. म्हणून संगणक इंटरनेटवरून बरोबर वेळ विचारून घेतो. तारीख आणि वेळेच्या पानावर ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ हे बटण चालू ठेवा. ‘सिंक नाऊ’ हे बटण दाबले, की वेळ लगेच जुळते. टाइम झोनच्या यादीत वसई सापडणार नाही. ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ ही ओळ निवडा. ही ओळ चुकली, तर मिनिटे जुळली तरी तास चुकतील.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

विंडोजबरोबर ‘क्लॉक’ नावाचा एक कार्यक्रम मिळतो. त्यात गजर आहे, टायमर आहे, स्टॉपवॉच आहे. पंचवीस मिनिटे अभ्यास, पाच मिनिटे विश्रांती, असे टायमर लावून पाहा. पण पहाटेच्या गजरासाठी संगणकावर अवलंबून राहू नका. संगणक बंद असेल किंवा झोपेच्या स्थितीत असेल, तर गजर वाजणार नाही. आईची हाक किंवा साधे गजराचे घड्याळ अधिक भरवशाचे!

दुसरी गोष्ट अशी. इंटरनेटवर रंगीबेरंगी घड्याळांचे कितीतरी कार्यक्रम फुकट मिळतात. त्यांतील काही चांगले असतात. काहींच्या आड संगणकाला हानी करणारे कार्यक्रम लपलेले असतात. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ या आवृत्त्यांत पडद्यावर ठेवण्याची सुंदर घड्याळे होती. त्यांना गॅजेट म्हणत. त्यांतून संगणकात घुसखोरी होऊ शकते, असे आढळल्यावर २०१२ साली मायक्रोसॉफ्टनेच ती बंद करण्याचा सल्ला दिला. म्हणून अनोळखी ठिकाणाहून काहीही उतरवून घेऊ नका. शिक्षकांना किंवा घरातील जाणत्या माणसाला आधी विचारा.

मित्रांनो, घड्याळाचा चेहरा तुमचा आहे. तो मोठा करा, बारा तासांचा ठेवा किंवा चोवीस तासांचा ठेवा, मराठीत ठेवा किंवा उर्दूत ठेवा. पण वेळ एकट्याची नसते. ती गाडीतील प्रवाशांची असते, परीक्षेला बसणाऱ्या मुलांची असते, दूरदेशी फोनची वाट पाहणाऱ्या अब्बांचीही असते. उद्या संगणकासमोर बसाल, तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी एकदा कोपऱ्यात पाहा. वेळ वाचा आणि तारीखही वाचा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) संगणक बंद असताना त्याचे घड्याळ कशावर चालते?
(आ) भारताची प्रमाणवेळ कोणत्या रेखांशावर ठरते?
(इ) ‘बाँबे टाइम’ प्रमाणवेळेपेक्षा किती मिनिटे मागे होती?

२. कारणे लिहा.
(अ) दुकानातील संगणकावर संकेतस्थळ उघडत नव्हते.
(आ) नागपूरचा इफ्तार वसईच्या आधी होतो.

३. विचार करून सांगा.
तिकिटावर ‘२ तारीख, ००:२०’ अशी वेळ आहे. तुम्ही घरातून कोणत्या तारखेला निघाल?

४. उपक्रम.
मशिदीतील किंवा घरातील कॅलेंडर पाहून आजची जवालची वेळ लिहा. ती दुपारच्या बारापेक्षा किती मिनिटांनी वेगळी आहे, ते काढा. हे आठवडाभर करा आणि वर्गात वाचून दाखवा.